खोताचं सुतक

बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवशी उल्काआत्याने निकाल दिला की आमच्या कुत्र्याला दहा दिवसांचं सुतक आहे.

मी तेव्हा झाडगावच्या घराच्या मागच्या पडवीत बसून एका टेबलाला शेवटची बिजागरी नुकतीच लावली होती. टेबल कुत्र्याचंच. बाबांनी करायला घेतलेलं. गणपतीपुळ्याला फिरायला आलेल्या कुणीतरी किनाऱ्यावर सोडून दिलेलं ते लांब केसांचं, लोंबत्या कानांचं पिल्लू बाबांनी पाच वर्षांपूर्वी घरी आणलं. आल्या दिवशीच ते झोपाळ्यावर चढून बसलं आणि कुणाला जागा देईना, म्हणून नाव पडलं खोत. जात थंड देशातली, हवा रत्नागिरीची. केसांच्या जटा होतात आणि जटांत गोचिडी. बाबा त्याला रोज विंचरायचे. शेवटी कंबर धरली तेव्हा म्हणाले, "मी खाली जाण्यापेक्षा त्याला वर घेतो."

वर घेण्यासाठी त्यांनी माळ्यावरून माझ्या भावाचा, वेदचा, कॅरमबोर्ड काढला. त्याला खालून फणसाच्या लाकडाचे पाय लावायचे, दुमडून आत जातील असे. पाय लागायच्या आधीच बोर्ड जमिनीवर ठेवून खोताची शिकवणी झाली होती. बोर्डावर दोन टिचक्या मारल्या की त्याने चढून उभं राहायचं, आणि मग बाबा आतून फणी घेऊन यायचे. दोन पाय लागले होते. दोन लागायचे होते.

बाबांचं विंचरणं थांबल्यापासून खोताने कुणाला अंगाला हात लावू दिला नव्हता. कानामागची जट एवढी ताणली गेली होती की मान वळवताना तो कण्हायचा. बोर्डावर चढला तरच काही करता आलं असतं, म्हणून मी ते काम पुढे नेत होते.

समाचाराला येणाऱ्यांची माझ्यामुळे मोठी सोय झाली. लोक उतरलेले चेहरे घेऊन यायचे, "कसं झालं गो?" एवढं विचारायचे, आणि पुढे काय बोलावं या विवंचनेत असतानाच त्यांना टेबल दिसायचं. मग चेहरे उजळायचे. शेजारचे बाबूकाका चहा संपेपर्यंत गंभीर होते. नंतर ओणवे होऊन म्हणाले, "अगो, याचे पाय फाकणार. मधे साखळी घाल." त्यांच्या मागून आलेल्यांनी साखळी काढायला लावली. एका गृहस्थांनी कॅरमच्या चारी भोकांकडे दुःखाने पाहिलं आणि विचारलं, "ही बुजवायची राहिली का चिंतामणरावांची?" बाबांच्या आजाराबद्दल कुणी एवढं खोलात शिरलं नव्हतं.

खोताचं पुढे काय, ते मात्र ठरून गेलं होतं. माझ्याशी कुणी ठरवलं नव्हतं. आत्याच्या देवरूखच्या बागेत वांदर माजले होते आणि राखणीचा गडी पळाला होता. खोताला नेऊन आंब्याच्या कलमाखाली साखळीने बांधायचं. "भुंकेल तरी," आत्या म्हणाली. खोत फटाक्याच्या आवाजाने कपाटामागे जातो. वांदरांनी त्याला चार दिवसांत कामाला लावलं असतं. वेदला पुण्याला परतायची घाई होती, त्याने मान डोलावली. मी म्हटलं, "मी नेते ना माळनाक्याला, माझ्याकडे." त्यावर आत्या म्हणाली, "माहेरचं आणखी काय काय नेणार गो?"

तर चौथ्या दिवशी टेबल उभं राहिलं. पाय फाकू नयेत म्हणून न्हाणीघराच्या जुन्या दाराची कडी लावली होती, आणि खोताचे पाय घसरू नयेत म्हणून वर बाबांच्या स्कूटरचं रबर. मी कात्री घेतली, तशी आत्या दारात आली.

"ठेव ती! सुतकात केस कापतेस?"

"माझे नाही, खोताचे."

"त्याचंच म्हणते मी. पाच वर्षं चिंतूच्या ताटातलं खाल्लंय त्याने. घरचाच तो. दहा दिवस केस नाहीत नि नखं नाहीत."

"आणि मला किती?"

"तुझं तीन दिवसांत फिटलं. तू दिल्या घरची."

म्हणजे बेचाळीस वर्षं लेक असलेली मी काल सुटले होते, आणि वाळूत सापडलेला खोत अजून आठवडाभर बाबांचा होता. मला हसू आलं. ते भलतीकडे वळू नये म्हणून मी एक घट्ट असलेलाच स्क्रू पुन्हा पिळला.

"आत्या, मग तुला?"

"मलाही तीनच. लग्न झालेली बहीण मी."

"म्हणजे या घरचे आता दोघंच. वेद आणि खोत."

"तेच सांगतेय."

"मग घरच्याला उचलून साखळीला बांधायचं, हे ठरवणाऱ्या आपण दोघी बाहेरच्या कोण?"

आत्याने पदर सावरला. "अगो, ते तसं नव्हे."

"आणि वांदर हाकलायला घरचाच कुणी हवा असेल, तर वेदला ने. खोतापेक्षा उंच आहे."

"ए ताई!" आतून आवाज आला. फोन कानाला लावून वेद बाहेर आला.

"बापासारखीच जीभ आहे," आत्या म्हणाली. "कर काय करायचं ते. काप, नाहीतर मुंज लाव त्याची." आणि ती आत जाऊन आडवी झाली. थोड्या वेळाने आतूनच ओरडली, "कानाजवळ जपून गो!"

मी बोर्डावर दोन टिचक्या मारल्या. झोपाळ्याखालून खोत उठला. बाजूच्या खुर्चीवर चढला, खुर्चीवरून रबरावर. कडी करकरली, पण पाय फाकले नाहीत. कात्री मी कोपऱ्यातल्या भोकाखालच्या जाळीत टाकली, गोचिडीचं औषध दुसऱ्या, बिस्किटं तिसऱ्या. तेव्हा कळलं, भोकं का बुजवली नव्हती.

वेदने फोन खिशात टाकला आणि खोताची मान धरली. खोताने धरू दिली.

"ताई, तूच ने याला," तो म्हणाला. मग एका हाताने कड चाचपत, "बोर्ड मात्र माझा आहे हां."

"घेऊन जा की पुण्याला. वरचं उतरवून घे."

वरचं हलत नव्हतं. ते आतल्या दाराकडे बघत होतं. फणी माझ्या हातातच होती. तरी आम्ही तिघंही जरा थांबलो.