रंगाचे अकरा हात

धरणाचा दरवाजा सांभाळणाऱ्याला सगळे पेंटर म्हणत. कारण अकरा वर्षांत त्याने दरवाजा एकदाही उघडला नव्हता, रंगवला मात्र दरवर्षी होता. नुसता त्यालाच दोष देऊन चालणार नाही. तपासणीच्या फॉर्ममध्ये ‘रंग’ असा रकाना होता, ‘उघडतो का’ असा नव्हता. शिवाय दरवाजा उघडला तर पाणी वाया जाणार आणि ते का वाया गेलं याचा अहवाल लिहावा लागणार. साहेब येत, निळ्याशार दरवाज्यापुढे फोटो काढत आणि ‘उत्तम’ असा शेरा मारून जात. पेंटर कामाला चोख. चाक, दांडा, दांड्यावरचे स्क्रूचे आटे, जिथे फक्त ग्रीस घालायचं तिथेही त्याने ब्रश फिरवला होता.

मंगळवारी सकाळी तो भरावाच्या पायथ्याशी पाझर बघायला गेला. धरण म्हातारं होतं, ते पाझरायचंच. पण आजवर पाणी नितळ यायचं. आज त्याने ओंजळ धरली, तर पाणी बोटांतून गेलं आणि माती हातात राहिली. धरण आतून पोखरलं जात होतं. खाली हाकेच्या अंतरावर एकच घर होतं, त्याच्या ताईचं.

त्याने साहेबांना फोन लावला.

“मग दरवाजा उघड, पातळी उतरव!”

“उघडतो का बघतो, साहेब.”

“बघतो म्हणजे? तुझा दरवाजा तपासणीत पहिला आलाय!”

“दिसण्यात, साहेब.”

साहेब म्हणाले, “माणसं पाठवतो. तीन तास लागतील. तोवर काहीतरी कर.”

ताईचा नवरा फिटर होता. पेंटरचा फोन जाताच दाजी गॅसचा बर्नर आणि पान्हे घेऊन धावत आले. त्यांनी नखाने दांडा खरवडला.

“मेव्हणे, आटे कुठायत?”

“रंगाखाली असतील.”

“त्यापेक्षा भिंतीवर दरवाज्याचं चित्र काढलं असतंस. निम्म्या मेहनतीत झालं असतं.”

दाजी रंग जाळू लागले. निळ्याखालून निळा निघाला, मग हिरवा.

“हा हिरवा कुठला?”

“त्या वर्षी निळा मिळाला नव्हता.”

दाजी हसले नाहीत. “जा, घरच्यांना वर टेकडीवर ने. मी आहे इथे.”

ताई कपडे वाळत घालत होती.

“ताई, चल. धरणाचं काही खरं नाही.”

“दर पावसाळ्यात विचारते, तेव्हा म्हणतोस, निवांत झोप. दरवाजा चालतो म्हणालास ना?”

“कधी चालवलाच नाही गं.”

ती शिव्या देईल म्हणून त्याने मान खाली घातली. तिने फक्त हातातली चादर घडी करून ठेवली आणि घरात जाऊन सासूला उठवलं. म्हातारीला चालवत नव्हतं. पेंटरने तिला पाठुंगळी घेतलं.

“कुठे नेतोस रे? अजून जिवंत आहे मी.”

“म्हणूनच नेतोय, मावशी.”

टेकडीवर पोचेपर्यंत त्याचा दम निघाला. तेवढ्यात खालून पाण्याचा मोठा आवाज आला. दरवाज्यातून पांढराशुभ्र झोत उसळत होता. चाकापाशी उभ्या असलेल्या दाजींनी पान्हा उंच करून दाखवला.

“उघडला!” ताई ओरडली.

मग चाकाखालचा भराव बसला. कोसळला म्हणावं एवढा आवाजही झाला नाही. चाक, दांडा आणि दाजी तिथे होते, मग तिथे नुसतं गढूळ पाणी होतं.

ताई उताराने धावत सुटली. पेंटरने दोनदा हाक मारली. त्याच्या खिशात फोन वाजत होता. तो घ्यायला हात मोकळा नव्हता.

“काय झालं रे?” म्हातारीने खांद्यावरून विचारलं. तिला लांबचं दिसत नसे.

“दरवाजा उघडला, मावशी.”

“बरं झालं. मग त्याला म्हणावं, तू पण वर ये आता.”