कडुनिंबात शिरणारी देवी

मुडबीच्या वेशीजवळच्या कडुनिंबाभोवती सारं गाव लोटलं होतं. खोडावर ठोकलेला देवीचा पितळी मुखवटा दरसाल आत आत जात होता. कान केव्हाच दिसेनासे झाले होते. आता गालांवर साल चढली होती.

“आई रुसली,” शिवय्या बुवा डोळे फिरवत म्हणाला. “पापिणीचं तोंड बघवंना म्हणून झाडात शिरायलीय. डोळे झाकले की गावात पटकी आली समजा.”

पापीण म्हणजे लिंगम्मा सुईण. बुवानं दिलेली राख तान्ह्या लेकरांना चाटवू नका, एवढंच ती बाळंतिणींना म्हणाली होती. दोन दिवसांपूर्वी लोकांनी तिला शिवेबाहेर काढलं.

ग्यानबा सुताराची तिन्ही लेकरं तिच्याच हातावर जन्मली होती. तिला हाकलताना तो गप्प राहिला होता, आणि ते त्याला खात होतं.

“देवी आत जायली न्हाई,” तो म्हणाला. “झाड बाहेर यायलंय.”

एक ढेकूळ त्याच्या खांद्यावर फुटलं. “मग तूबी जा त्या सुईणीमागं,” गावचा कारभारी बसवंतप्पा गुरकावला.

“जातो, अप्पा. आधी तुमच्या गोठ्यातला पाडलेला कडुनिंब दाखवा. त्यात बैल बांधायचं कडं कधी ठोकलं होतं?”

“रझाकारीच्या आदल्या साली. कामून?”

गर्दी गोठ्याकडे वळली. ग्यानबानं पाचर मारून ओंडका फोडला. कड्याचा खिळा होता तिथंच होता. त्याच्यावर मात्र चार बोटं नवं लाकूड चढलं होतं.

“सालीखाली ओला पातळ थर असतो. त्यातून आतल्या अंगाला लाकूड धरतं, बाहेरच्या अंगाला साल. झाड जाड होतं अन् खिळ्याला झाकतं. ह्या कड्यानं कुणाचं पाप बघितलं, अप्पा?”

“पितळाची गोष्ट येगळी,” बुवा पुटपुटला.

“व्हय. पूजेला पडदा लावून तुम्ही मुखवट्याच्या कडंची साल विळ्यानं तासता. जखम भरताना झाड तिथं सालीचे जाड ओठ काढतं, अन् मुखवटा लवकर झाकतो. जाऊन बघा, वार ताजे हायत.”

लोकांनी जाऊन पाहिले. बुवानं झोळी उचलली.

लिंगम्माला आणायला बसवंतप्पा स्वतः गेला. “चल अक्का,” तो म्हणाला, “देवी रुसली नव्हती.”

“देवीनं कुठं हाकललं मला?” ती जागची हलली नाही. “तुम्ही हाकललंत.”

झाड कसं वाढतं हे खोड फोडलं की कुणालाही दिसतं. माणसाला दोष लावण्याआधी तेवढं तरी फोडून पाहावं.