बोरीखालचा रणगाडा

शत्रूला फसवणं ही राष्ट्रसेवेतली सर्वांत जुनी आणि सर्वांत पवित्र सेवा आहे. आष्टीच्या कारभारी डोईफोडे यांना ती करायची संधी मिळाली, कारण त्या आठवड्यात लग्नाची तिथी नव्हती आणि मंडपाचं सामान गोदामात पडून होतं.

झालं असं, की परतूरच्या पुढं माळावर सैन्याचा सराव लागला. दोन बाजू, निळी आणि लाल. निळ्या बाजूच्या मेजरांकडं रणगाडा एकच. लाल बाजूचं ड्रोन तो शोधणार आणि पंच निकाल देणार. मेजरना त्या एकासारखे दिसणारे आणखी पाच हवे होते, तेही जल्दी. जमलं तर पुढच्या प्रत्येक सरावाचं काम डोईफोड्यांना, असं ते हळूच म्हणाले. कारभारीशेठनी हे हळूच म्हटलेलं संध्याकाळपर्यंत आष्टीतल्या सगळ्या हॉटेलांत पोचवलं. आता माघार घ्यायची सोय राहिली नव्हती.

काम मात्र नामी केलं. बांबूचा सांगाडा, वर मातकट रंगवलेलं मंडपाचं कापड, तोफेच्या जागी ड्रेनेजचा पाइप. ड्रोनला उष्णता दिसते असं कळल्यावर इंजिनाच्या जागी आचाऱ्याच्या शेगड्या पेटवल्या. जमिनीवर पट्ट्यांचे वळ हवेत म्हणून भाच्याचं पोकलेन माळभर फिरवलं. मेजर लांबून बघायला आले, तेव्हा आपला रणगाडा कुठला हे त्यांना ड्रायव्हरला विचारावं लागलं; तो बोरीच्या झाडाखाली होता.

“बिलकुल काळजी करू नका साहेब,” शेठ म्हणाले. “इतकी वर्षं थर्माकोलचे राजवाडे करून राह्यलो आम्ही. व्याह्यांना खरे वाटतात, ह्यो तर नुसता शत्रू हाय.”

ड्रोन आलं. त्यानं घिरट्या घातल्या, खाली उतरलं, पुन्हा वर गेलं आणि गोंधळल्यासारखं निघून गेलं. तंबूत मेजरनी स्वतःच्या हातानं शेठना चहा दिला. तो अर्धा झाला असेल तोच फोन वाजला.

नंबर अनोळखी होता. पलीकडून एक पोरगा अदबीनं बोलत होता. बहिणीची हळद आहे, नवरदेव फौजी आहे, दारात रणगाडे उभे करायची हौस आहे, तुमच्याकडं मिळतात असं कळलं. कसं कळलं, हे शेठनी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला ते विचारत नसतात.

कळलं होतं ते असं. नाव घातल्याशिवाय इंद्रायणीबाई, म्हणजे शेठची बायको, गोदामातून चमचासुद्धा बाहेर जाऊ देत नाहीत. लग्नघरी पातेली बदलतात, खुर्च्या गावभर जातात. त्या नेमानं पाचही रणगाड्यांवर ‘डोईफोडे मंडप, आष्टी’ आणि मोबाइल नंबर पडला होता. बाजूला घातलं तर शत्रूला दिसेल, म्हणून बाईंनी मुद्दाम वर टपावर घातलं होतं.

“तारीख सांगा,” शेठ म्हणाले.

पोरानं तारीख सांगितली. “सहाच्या सहा लागतील, मामा.”

शेठ अडले. हो म्हणून टाकलं असतं तर निळी बाजू वाचत होती. पण जी वस्तू आपली नाही तिचा विसार घ्यायचा नाही, ही त्यांच्या वडिलांची शिकवण.

“पाच घेऊन जा. सहावा न्हाई देता येणार.”

“का हो?”

“तो आपला न्हाई ना. बोरीखालचा. तो खरा हाय, सैन्याचा.”

मेजरना मराठी चांगलं समजत होतं. त्यांनी शेठच्या हातातला कप काढून घेतला.

ड्रोन परत आलं. या खेपेला न घुटमळता सरळ बोरीकडं गेलं. पंचांनी निळ्या बाजूचा रणगाडा बाद दिला. तरी घरी परतताना शेठची मान ताठ होती. एक काम गेलं, मंग दुसरं आलं की, असं त्यांनी इंद्रायणीबाईंना सांगितलं आणि हळदीसाठी पाचही रणगाडे झाडूनपुसून ठेवायला लावले.

हळद खरीच होती. मंडप लाल बाजूच्या त्या पोरानं परतूरचा घेतला.