तीस नंबरचा पाना

म्हस्कूने पोतं गाडीखाली सरकवलं, त्यावर पाठ टेकली आणि टाचांनी रेटा देत तो आत गेला. बाहेर फक्त पाय राहिले.

"काही दिसतंय का, काका?" सुमितने वाकून विचारलं.

"दिसतंय की. तीस वर्सं झाली, तेच दिसून राह्यलंय."

सुमित पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या संग्रहालयाचा तपासनीस. टेंभुर्णीत गाडी तपासायला तो पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता, यावरून त्याचा अनुभव किती ते म्हस्कूने सकाळीच ओळखलं होतं.

गाडी लाल, बुटकी, दोन दारांची, जर्मन. रामरावांनी तिकडची नोकरी सोडून येताना ती बोटीने आणली होती. पहिल्यांदा गावात शिरली तेव्हा हिच्यात बसायचं की हिच्यावर निजायचं, यावर पारावर दोन तट पडले होते. रामराव सगळ्यांना सांगत, "साधी नाही ही. शर्यतीचं सस्पेन्शन आहे, कंपनीतूनच बसवून घेतलंय." पण रामराव आपल्या घड्याळाबद्दल, म्हशीबद्दल आणि शेवटी शेवटी मधुमेहाबद्दलही 'साधा नाही' असंच सांगत. त्यामुळे गावाने हे सगळं एकाच खुंटीला टांगून ठेवलं होतं.

म्हस्कू ट्रॅक्टरचा मिस्त्री. गाडीची देखभाल त्याच्याकडे आली ती कायमचीच. दर रविवारी तो ती जाफराबाद रस्त्याने नाल्यापर्यंत नेऊन आणी. खड्ड्यातून गेली की पाठीचे मणके एकेक करून मोजता येत. वळणावर मात्र ती कलत नसे, रुळावर ठेवल्यागत सरळ निघून जाई. असं का, हे त्याने रामरावांना कितीदा विचारलं होतं. "साधी नाही ना," असं ते म्हणत. हे उत्तर नव्हे, एवढं म्हस्कूला कळत होतं. खरं उत्तर काय, ते कळत नव्हतं.

मागच्या साली रामराव गेले. त्यांची मुलगी प्रियदर्शनी आज सुमितला घेऊन आली होती आणि अंगणातल्या बाजेवर बसून तिने सगळं सरळ सांगून टाकलं होतं. सस्पेन्शन खरोखर कंपनीचं, खास निघालं तर गाडी संग्रहालयात जाणार. साधं निघालं तर त्यांना नको.

"मग ती म्हस्कूमामांची. कागद करून आणलेत मी. बाबांची तशीच इच्छा होती."

हे ऐकल्यावर म्हस्कूच्या बायकोने, गोपिकाबाईंनी, कुणाला न विचारता तिघांऐवजी चौघांचं पीठ मळायला घेतलं. सुमितलाही जेवायला थांबवायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

तपासणी काही सरळ होईना. अशा गाडीत कोणकोणती खास जोडणी आहे त्याचा कागद कंपनी डिकीच्या झाकणाला आतून चिकटवते, असं सुमितच्या मोबाइलमध्ये लिहिलेलं होतं. झाकण उघडलं तर तिथे घोड्यावर बसलेला खंडोबा. रामरावांनीच चिकटवलेला; जागा चौकोनी आणि फोटोच्या बरोबर मापाची दिसली म्हणून.

"वाफ देऊन निघतो तसा," सुमित म्हणाला.

गोपिकाबाईंनी पिठाच्या हातांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सुमितने झाकण हळूच लावलं.

मग स्प्रिंगा. खास स्प्रिंगेवर रंगाचे ठिपके असतात, एक पिवळा, एक तांबडा. सुमित चाकाआड डोकं घालून ओरडलाच, "आहेत! दोन्ही आहेत!"

"ते माझं हाय," गोपिकाबाई म्हणाल्या. "खंडेनवमीचं. चारी स्प्रिंगांला हळदकुंकू. तेलात कालवून लावते, म्हंजी टिकतं."

सुमितने नखाने खरवडून पाहिलं. हळदीखाली हळदच होती. त्याखाली काय होतं ते हळदीने कधीच खाऊन टाकलं होतं.

राहिला पुढचा आडवा बार, वळणावर गाडीला कलू न देणारा. साध्या गाडीचा सव्वीस मिलिमीटर जाड, खास गाडीचा तीस. पण जाडी मोजायचं सुमितचं व्हर्नियर पुण्यात टेबलावर राहिलेलं. आणि गंज लागू नये म्हणून म्हस्कू दर उन्हाळ्यात बाराला काळा रंग देत आला होता. तीस उन्हाळ्यांनंतर तो बार कुठे रताळ्यासारखा, कुठे मुळ्यासारखा झाला होता.

"यात लोखंड किती आणि तुमचा रंग किती, काही सांगता येत नाही, काका," सुमित उठला. त्याने हात पुसले आणि मोबाइलवर टिपलं. "पुरावा नाही, असं लिहितो."

"म्हणजे साधी?" प्रियदर्शनीने विचारलं.

"आमच्या लेखी साधीच."

तिने पर्स उघडून कागद बाहेर काढले. "चहा घ्या मामा, मग सही करू."

म्हस्कू बाहेर आला, हातपाय धुतले आणि बाजेच्या कडेला टेकला. बशीत चहा ओतला. बशी तोंडापाशी नेली आणि तशीच धरून बसला.

"गोड कमी झाला का?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"न्हाई, बिलकुल बराबर हाय."

"मंग प्या की."

त्याने बशी खाली ठेवली. हत्यारांच्या पेटीतून पातं काढलं.

"आवो, कुठं निघाले?"

"हितंच."

आणि पुन्हा बाहेर नुसते पाय राहिले.

पातं खरडत असल्याचा आवाज येऊ लागला. रंगाचे पोपडे त्याच्या मिशीवर पडत होते. बोटभर जागेत लोखंड चकाकलं तेव्हा त्याने कमरेला खोचलेला सत्तावीस नंबरचा, म्हणजे सत्तावीस मिलिमीटर तोंडाचा, पाना काढून लावला. बार साधा असता तर पाना सहज शिरला असता. तो शिरेना. रंगाची कड अडत असेल म्हणून त्याने आणखी खरडलं, बोटाने चाचपलं, पुन्हा लावला. शिरला नाही.

म्हस्कूने पाना छातीवर ठेवला. वर सगळे चहा पीत होते. त्याने काय पाहिलं ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. मग गाडीखालून त्याचा हात बाहेर आला.

"अगं, तीस नंबर दे."

चाळीस वर्षं पाने हातात देणाऱ्या गोपिकाबाई पेटीपाशी गेल्या. जरा थांबल्या. मग एक पाना त्यांनी त्या हातात ठेवला. हात आत गेला आणि लगेच परत आला.

"हा बत्तीस हाय."

"दिसत न्हाई मला आजकाल."

"सुईत दोरा बराबर दिसतो."

दुसरा पाना त्यांनी दिला, पण हातात नाही, हाताशेजारी जमिनीवर ठेवून. हाताने तो चाचपडत शोधला.

तीस नंबर लोखंडावर सरकन बसला. ढिला नाही, घट्ट नाही.

"सायेब," गाडीखालून आवाज आला, "तीस हाय."

सुमितने कप ठेवला. प्रियदर्शनी त्याच्या आधी गाडीपाशी पोचली आणि खाली बसली.

"मामा, रंगामुळं चूक होत असेल," ती हळूहळू, एकेक शब्द ठेवत म्हणाली. "इतका जुना रंग. कुणाचीही होईल."

"रंग खरडलाय, ताई. नुसत्या लोखंडावर लावलाय." मग क्षणभराने, "रामरावतात्या खरं बोलत व्हते. ह्या येळंला तरी."

ती हसली, पण उठायला तिला वेळ लागला.

सुमित पांढऱ्या शर्टानिशी पोत्यावर आडवा झाला आणि फोटो काढू लागला. पुण्याला फोन लागला. "हो सर, कंपनीचंच. पाना लावून खात्री केली." प्रियदर्शनीने बाजेवरचे कागद घडी घालून पर्समध्ये ठेवले. चेन लावताना ती गोपिकाबाईंकडे पाहत नव्हती. गोपिकाबाई कुणाकडेच पाहत नव्हत्या. त्या कप गोळा करत होत्या आणि एकात दुसरा बसवताना जरा जास्तच आवाज होत होता.

म्हस्कू गाडीला टेकून उभा होता. मिशीवर काळे पोपडे तसेच.

"सायेब, एक इचारू का?"

"विचारा ना, काका."

"मागचा बार किती असतो?"

सुमितने मोबाइल चाळला. "मागचा... साध्या गाडीचा सोळा, खासचा एकोणीस."

"आता कशाला?" गोपिकाबाई म्हणाल्या. "झालं न्हाई का समदं?"

"तसं न्हाई. पुढं एक न मागं दुसरंच, असं बी असू शकतं."

त्याने पेटीतून एकोणीस नंबर घेतला, पोतं ओढत मागच्या बाजूला गेला आणि पाठ टेकली. गोपिकाबाईंनी त्या बाहेर राहिलेल्या पायांकडे जरा वेळ पाहिलं. मग उन्हात पडलेल्या त्याच्या चपला पायानेच सावलीत सरकवल्या.