बोर्डावरचं पहिलं नाव

बजरंगआबांना पुरतं वाचायची सवयच नव्हती. पेपरातले मथळे, लग्नपत्रिकेतली जेवणाची वेळ, संपलं! आणि अशा माणसाला त्यांच्या लेकीनं, स्नेहलनं, सोमाटणे फाट्यावर पाहुण्यांना वाट दाखवायला उभं केलं होतं.

पाहुणे बायडाबाईंचे. डोंगरातल्या वाडीवर या बाईंनी घराच्या दोन खोल्या मुक्कामाला दिल्या होत्या, नाव ‘मावळघर’. बुकिंगची वेबसाइट स्नेहलनं बनवलेली, संध्याकाळी ती सगळ्यांना खुली व्हायची होती. ओळखीतून आलेलं हे पहिलंच कुटुंब. ते खूश झालं तरच बायडाबाई पुढं हे करणार होत्या.

दुपार टळली. पिठलं गार झालं.

“न्हाई जमायचं हे, पोरी,” बायडाबाई उंबऱ्यात बसून म्हणाल्या. “येवढं रांधलं, कुनी फिरकंना.”

स्नेहलचा जीव तुटला. तिनं आबांना फोन लावला.

“आगं, कवाच धाडलं की! फुडं बोर्डावर आपलंच नाव हाय. म्हटलं, तितंच वळा.”

“आपण बोर्ड लावलाच नाही, आबा! नावापुढं काय लिहिलंय?”

आबा बोर्डापाशी गेले. “मावळघर... पॅलेस रिसॉर्ट. पर सुरवात आपलीच हाय की गं!”

आबांवर खेकसायला उघडलेलं तोंड स्नेहलनं मिटलं. अरे देवा, आपणही हेच केलंय! लॉगिन झाल्यावर पाहुण्याला कुठं न्यायचं, तो पत्ता लिंकमध्येच असायचा, आणि तो आपल्या नावानं सुरू होतो का, एवढंच तिची साइट बघायची. कुणी नावापुढं भलतंच काही जोडून लिंक पाठवली, तर पाहुणा थेट चोराच्या दारात. तिथं पुन्हा पासवर्ड मागितला, तर बिचारा देऊनही टाकणार!

तिनं पाहुण्यांना फोन करून परत बोलावलं आणि लॅपटॉप उघडला. आता साइटला फक्त आपलीच ठरलेली पानं चालणार. पत्ता त्यांतल्या एकाशी पुरता जुळला तर तिथं, नाहीतर सरळ आपल्या पहिल्या पानावर, जिथं बायडाबाईंच्या अंगणाचा फोटो होता.

पाहुणे आबांना गाडीत घालूनच आले. पुन्हा गरम केलेल्या पिठल्यावर असे तुटून पडले की बायडाबाईंना भाकऱ्या थापायला परत बसावं लागलं. बाई नुसत्या खुलल्या होत्या.

स्नेहलनं आबांच्या हाती मोबाइल दिला. “मी मुद्दाम फसवी लिंक केलीय. लॉगिन करा, बघू कुठं जाता.”

आबांनी चष्मा लावला. या खेपेला अक्षर न अक्षर वाचलं, बटण दाबलं आणि चक्रावले.

“कसली फसवी? हे तर बायडाबाईचं अंगन!”

बायडाबाईंनी पिठाच्या हातानं मोबाइल ओढून फोटो पाहिला. “व्हय की! मग उघड पोरी, समद्यांना उघड.”