जोडीचा फोटो

आमचे बाबा फोटोले भेत होते असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. वाघाच्या जंगलात नुसती लाठी घेऊन हरवलेला बैल शोधाले जाणारा माणूस फोटोले काय भिणार. त्याईले फक्त "इथं बसा, तिकडं पाहा, हलू नका" असं कोणी सांगतलेलं चालत नव्हतं. जो सांगन त्याच्याकडं पाठ करून ते निघून जात. फोटोवालाही हेच सांगतो, म्हणून त्याच्याकडंही पाठ.

यादोकाकाच्या पोराच्या लग्नाच्या अल्बममध्ये बाबा आहेत. एका फोटोत. पाठमोरे, धोतराचा सोगा हातात, मांडवाच्या बाहेर चालले. मायले अक्षर येत नाही, पण ते पान ती बरोबर काढे. म्हणे, "हा पाह्य तुहा बाप. याच्याहून बरा कोनाले काढता आला नसता."

मायले स्वतःले फोटो पाहिजे होता. जोडीचा. गायमुखच्या जत्रेत एक फोटोवाला पडदा लावून बसे. पडद्यावर बगीचा, पुढं पुठ्ठ्याची मोटरगाडी. माझी मोठी बहीण कडेवर होती तेव्हापासून माय म्हणत होती, त्या गाडीत बसू. बाबा म्हणत, पुढच्या साली. मी त्याईचा शेवटचा पोरगा. मी चोवीस वर्षांचा घोडा झालो तरी पुढचं साल आलं नव्हतं. मधात पुठ्ठ्याची गाडी दोनदा बदलली.

एक्याऐंशीच्या माघात बाबा गेले. जत्रा आठ दिवसांवर होती. त्याईनं मुद्दाम केलं असं मले आजही वाटते.

सकाळची गोष्ट. अंगणात उन्हात खाट होती, खाटेवर बाबा. समोर खळ्यावर धानाची चुरणी चालू होती, बैल गोल फिरत होते. दोन वर्षांपासून त्याईले कामाची मनाई होती. म्हणून ते खाटेवर बसूनच काम करत, म्हणजे बैल हाकणाऱ्याले शिव्या देत. मायनं चहा दिला. म्हणाले, गोड कमी आहे. ती साखर आणाले आत गेली. बाहेर आली तर बैल थांबलेले आणि हाकणारा खाटेकडं पाहत उभा. त्यानं मंग सगळ्याईले सांगतलं, शिव्या बंद झाल्या तेव्हाच मले शंका आली.

मरण चांगलं आलं असं सगळे म्हणाले. सत्तरी कधीच उलटली होती, लेकरंबाळं जागच्या जागी, हातात चहाची बशी. मायनं रडून घेतलं आणि ओसरीच्या खांबाले टेकून बसली.

तेवढ्यात यादोकाका आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. गावात कोणी मेलं की काकाच्या अंगात जोर येते. एकाले बांबूले पाठवलं, एकाले लाकडाले, दोघाले सायकली देऊन माझ्या बहिणींकडं. ऊन उतराच्या आत न्यायचं ठरलं. कौशल्याआत्या चार बायका घेऊन आल्या. आत्या बाबांच्या मोठ्या बहीण, स्वतः कधीच्या विधवा. कोणाचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं असलं की गाव त्याईलेच बोलवते. मायजवळ बसून त्याईनं तिचा हात धरला.

मायनं हात काढून घेतला.

"थांबा जी बाई. आधी फोटो."

"कोनाचा फोटो?"

"आमचा. दोघाईचा."

आत्यानं काकाकडं पाहिलं. काका अंगणातून वर आले.

"वहिनी, हे काय यड्यावानी? मानूस मरून पडला हाय."

"म्हनून तं म्हनून राहिली. आता ते उठून पयत नाई."

"अवो, दिवस छोटा हाय. लाकडं गेली पुढं."

"जाऊ द्या. फोटो झाल्याबिगर मी बांगडीले हात लावू देनार नाई. अन् बांगडी फुटल्याबिगर तुमी त्याईले उचलनार नाई. मंग पाहा तुमी."

माय दिरासमोर एवढं कधी बोलली नव्हती. तिनं बसल्या बसल्या सगळा हिशोब करून ठेवला होता. कुंकू पुसल्यावर फोटो काढला तर तो जोडीचा होणार नाही, एका मेलेल्या माणसाचा आणि एका रांडवेचा होईन. काका दोनदा सरपंचकीले उभे राहिलेले. गाडं कुठं अडलं हे त्याईले लवकर समजते. माझ्याकडं वळून म्हणाले, "मधू, सायकल काढ."

आंधळगावात भैय्यालालचा स्टुडिओ होता, शिंप्याच्या दुकानाच्या मांगं एक खोली. मी धापा टाकत गेलो.

"लग्न का?" त्यानं विचारलं.

"नाई. बाबा वारले."

"असं का." त्यानं मले स्टूल दिलं. "मंग काई घाई नाई. च्या पितेस?"

मी सांगतलं की घाई आहे, मायच्या बांगड्या अडून आहेत. त्यानं नीट ऐकलं. मंग कपड्याचं माप घ्यावं तसं विचारलं, "बसलेला पाहिजे का झोपलेला?"

हा विचार मी केलाच नव्हता. "मायले मोटरगाडीतला पाहिजे होता," मी म्हणालो.

"मोटरगाडी जत्रेवाल्यापाशी. आपल्याकडं फुलदानी हाय."

मंग फुलदाणीच घेतली. रस्त्यात सायकल हाणता हाणता तो मले धीर देत होता. "मेलेल्याचं काम सोपं राह्यते भाऊ. हालत नाई, घाम पुसत नाई, मधातच पानी मागत नाई. फोटो बिघडते तो जित्त्याईच्यानं."

आम्ही पोहोचलो तोवर दोन्ही बहिणी आल्या होत्या. शाळेतून दोन खुर्च्या आणल्या. बाबा थोडे आखडले होते. मानेनं ऐकलं नाही, कंबरेनं थोडंफार ऐकलं. मी आणि काकानं त्याईले खुर्चीत बसवलं, धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, दुपट्टा पोटावरून घेऊन खुर्चीच्या पाठीमांगं बांधला. तरी ते एका अंगाले सरकत. त्या बाजूले नेमकं फाटक होतं.

"पाह्य," काका म्हणाले, "अजून निघूनच राहिला."

मायची खुर्ची बाजूले लावली. आता हे सांगितलं पाहिजे की आमच्या मायले खुर्चीवर कोणीच कधी पाहिलं नव्हतं. बाबा खाटेवर तर ती भुईवर. बाबा बैलबंडीत पुढं तर ती मांगं तणसावर. शेतात जाताना दहा पावलं मांगं, दवाखान्यात जाताना तेवढीच. ती खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

"दिराईसमोर खुर्चीवर बसतेस का आता?" आत्या म्हणाल्या.

"भुईवर बसली तं फोटोत त्याईचे गुडघे येतीन फक्त," माय म्हणाली आणि बसली. पदर नाकापर्यंत ओढलेला.

"काकू, चेहरा नाई येऊन राहिला," भैय्यालाल कॅमेऱ्यामांगून म्हणाला.

तिनं पदर मांगं केला. कपाळापर्यंत केला, मंग अजून थोडा. अर्धं गाव अंगणात उभं होतं. आमच्या गल्लीतल्या कितीक माणसाईनं तिचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असन. आत्या दुसरीकडं पाहाले लागल्या.

"आता काकाजी, मान जराशी वर," भैय्यालाल म्हणाला. सवयीनं म्हणाला बिचारा.

"त्याले सांगून फायदा नाई," काका म्हणाले. "जित्तेपनी आयकलं नाई त्यानं."

माझी मोठी बहीण रडता रडता हसली. मंग हसल्याची भरपाई म्हणून तिनं जोरात गळा काढला. मी खुर्चीच्या मांगं वाकून बाबाले धरून होतो, मी फोटोत येत होतो, म्हणून भैय्यालालनं मले बाजूले केलं. मी सोडताच बाबा परत सरकले. मायनं हात लांब केला आणि त्याईच्या खांद्यावर ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबून धरला, बांधावरची माती दाबतात तसा.

"आता कुठं जासान," ती म्हणाली. हळू म्हणाली. मी जवळ होतो म्हणून मले आयकू आलं.

भैय्यालालनं बटन दाबलं. रोलमध्ये तेवढाच एक फोटो उरला होता, हे त्यानं नंतर सांगतलं.

माय खुर्चीवरून उठली, आत्यापुढं गेली आणि दोन्ही हात पुढं केले.

"घ्या," म्हणाली.

मी दोन्ही खुर्च्या उचलल्या आणि शाळेत पोहोचवाले गेलो. खुर्च्या काही पळून जात नव्हत्या, पण मी गेलो.

तेरवीच्या दिवशी सकाळी भैय्यालाल फोटो घेऊन आला. चांगला मोठा करून आणला होता. घरात जेवढे होते तेवढे गोळा झाले. फोटोत बाबांचे डोळे उघडे होते.

"भंडाऱ्याच्या पेंटरकडून उघडून घेतले," भैय्यालाल म्हणाला. "बंद डोये घरात बरे नाई दिसत."

तो पेंटर नाटकाचे पडदे रंगवणारा होता. राजाले काढतात तसे डोळे त्यानं बाबाले काढले होते, कानापर्यंत गेलेले. बाबांचे डोळे बारीक होते. आमच्या खानदानात कोणाचेच एवढे नाहीत. त्यात पेंटरनं नजर सरळ ठेवाची सोडून तिरपी ठेवलेली. जो माणूस चारचौघात मायकडं पाहून कधी पाणी मागत नव्हता, तो फोटोत तिच्याकडं टक लावून पाहत होता.

"दादाचे नाई वाटत हे," काका म्हणाले.

मायनं फोटो हातात घेतला, उजेडाकडं केला. बराच वेळ पाहिला. "डोये दुसऱ्याचे हायेत," म्हणाली. मंग म्हणाली, "पन चालतीन."

काका खिळा ठोकाले उठले. हार ताटात तयार होता. पाहुणे अकरापासून येणार होते. तेव्हा कौशल्याआत्याच्या ध्यानात आलं ते आमच्यापैकी कोणाच्याच आलं नव्हतं.

"यादो, थांब. हार कोनाले घालतेस? बाई जित्ती हाय."

खरंच होतं. लग्नातला पाठमोरा सोडला तर बाबांचा सगळ्या जन्मातला हा एकच फोटो, आणि त्यात माय बसलेली. हार घातला तर दोघाच्या गळ्यात जाणार. नाही घातला तर तेरवी कोणाची. काका फोटोकडं पाहत राहिले, मंग मायकडं, मंग परत फोटोकडं. म्हणाले, "मधू, कैची आन. सरळ कापू मधातून. वहिनीचा वहिनीले देऊन देऊ."

"कैची नाई लावाची," माय म्हणाली.

"अवो, मंग का करू मी? जित्त्या बाईले हार घालू?"

फोटो तिच्या मांडीवर होता, त्याच्यावर तिनं हात ठेवला. तिच्या हातावर काहीच नव्हतं, आम्हाले अजून त्या हाताची सवय झाली नव्हती. मी म्हणालो, या वेळेस हार नको, नुसतं गंध लावू. आत्या म्हणाल्या, तुले काय समजते. बाहेर स्वयंपाकाच्या गुंडाखाली धूर होत होता आणि फाटकातून पहिले पाहुणे येऊन राहिले होते.

भैय्यालालनंच मंग थैलीतून एक लहान फ्रेम काढली. कोणाच्या तरी गणपतीसाठी केलेली होती. "घडी करून टाकू," तो म्हणाला. "काकूची बाजू मांगं जाईन, समोर काकाजी तेवढे."

"फाटन का?" मायनं विचारलं.

"नाई, फाटत नाई. घडी दिसन फक्त, कधी उघडला तं."

मायनं मांडीवरचा फोटो त्याच्याकडं केला. "करा मंग," म्हणाली. "मांगं तं मांगं. ते काई नवीन नाई मले."

भैय्यालालनं नखानं दाबत दाबत घडी केली. फोटो फ्रेमवर धरून पाहिला आणि परत खाली घेतला. "काकू, हात राह्यते."

सगळ्याईनं वाकून पाहिलं. माय पूर्ण मांगं गेली होती, पण तिचा हात समोरच होता. फ्रेमच्या काठातून निघून बाबांच्या खांद्यावर, मनगटभर बांगड्या.

"पेंटरले सांगतो," भैय्यालाल म्हणाला. "उद्या नेतो परत, त्याच्यावर शेला काढून देईन तो. समजनारही नाई."

"हात राहू द्या," माय म्हणाली. "हात काढला तं ते पडतीन."

काका हातोडी घेऊन खिळा शोधाले गेले. खिळा त्याईच्या हातातच होता.

फोटो ओसरीत लागला, हार पडला. लोक येत, हात जोडत, बाबांचे डोळे पाहून थोडे दचकत आणि पंगतीले बसत. हाताबद्दल कोणी विचारलं नाही. पाहुण्यारावळ्याले वाटलं असन, फोटोत असंच काही येत असते. माय फोटोच्या खाली, भिंतीशी बसून होती. दुपारी तिचा भाऊ तुलाराममामा साकोलीहून आला. माहेरचं लुगडं त्यानं तिच्या मांडीवर ठेवलं, डोळे पुसले आणि वर पाहिलं. मामा आमचा हळू समजणारा माणूस. पाहतच राहिला.

"बाई, हा हात कोनाचा व?"

मायनं दोन्ही हात लुगड्याखाली घेतले.

"माहा."

मामानं फ्रेमच्या कडेले मान वाकडी करून पाहिलं, जसं कोणी दाराआड उभं असावं. "मंग तू कुठं हायेस?"

"मांगं आहो," माय म्हणाली. "तू जेव आधी. पंगत उठून राहिली."