आईचा अर्धवट आवाज

"फाइली सगळ्या अर्धवट आहेत," कंपनीचा तरुण म्हणाला. "प्रत्येक पुस्तक ऐन रंगात येतं आणि आवाज थांबतो. शेवटी 'गळा बसला' म्हणतात. बिचाऱ्या आजारी असतील. पण काळजी करू नका मॅम, आम्ही पूर्ण केल्यात."

मी दादाकडे पाहिलं. दादाने टॅबकडे पाहिलं.

आम्ही चौघं शाळेच्या ग्रंथालयात बसलो होतो: हा तरुण, यंदाच बदलून आलेल्या मुख्याध्यापिका, माझा मोठा भाऊ आणि मी. आई या ग्रंथालयाची बाई होती. सुट्टीत ती गेली. शाळा उघडली आणि मुख्याध्यापिकांचा निरोप आला: तुमच्या आईंच्या स्मृतीसाठी एक सुंदर कल्पना आहे, दोघंही या.

शाळेत क्यूआर कोड आणले ते आईनेच. वय झालेली बाई म्हणजे यंत्राला भिणारच, असं लोक धरून चालतात. आई भ्यायची ती पुस्तक घरी नेऊन न उघडता परत आणणाऱ्यांना. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिने काळ्यापांढऱ्या चौकटीचा तुकडा डकवला होता, घरी शिजवलेल्या खळीने, कारण विकतच्या चिकटपट्टीने पान पिवळं पडतं. कोडसमोर टॅब धरला की आईचा आवाज गोष्ट वाचू लागायचा. आवाज बदलणं नाही, नाटकीपणा नाही. भाजीची यादी वाचावी तशी सरळ वाचायची. आणि गोष्टीत जिन्यावर पाऊल वाजलं, दार करकरलं, की वाक्य अर्ध्यात तोडून म्हणायची, "बास. माझा गळा बसला. पुढचं तू वाच."

तिचा गळा जन्मात कधी बसला नाही. गच्चीवरून हाक मारली तर चौकातला टेलर मान वर करायचा. आम्ही लहान असतानाही ती हेच करायची. दादा चिडून उशीवर बुक्क्या मारायचा आणि झोपी जायचा. मी पुस्तक घेऊन टेबलाखाली शिरायचे. मी वाचायला शिकले ती अशी, निव्वळ रागाच्या भरात.

"आधी बघून तर घ्या," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

तरुणाने एक पुस्तक टेबलावर ठेवलं आणि टॅब माझ्या हातात दिला. "ऑगमेंटेड रिअॅलिटी. खोली खरी, तिच्यात आपण आणखी काहीतरी उभं करतो."

टॅबच्या काचेत समोरचंच कपाट दिसत होतं. कपाटापुढे आई उभी होती. गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, डावा खांदा किंचित उतरलेला. कंपनीवाल्यांनी तिचे फोटो आणि व्हिडिओ बारकाईने पाहिले असले पाहिजेत. पुस्तकातून एक जहाज निघालं आणि तिच्या डोक्यावरून कपाटांच्या रांगांकडे तरंगत गेलं. आई हसली.

"या मुलांनो, आज आपण एक धमाल गोष्ट ऐकू या."

आवाज तिचाच होता. माझं बोट आपोआप पुढे गेलं. काचेला लागलं.

ती वाचत गेली. जिथे ती थांबायची ते वाक्य आलं. ती थांबली नाही. खलाशी पाण्यात पडला, वाचला, घरी पोचला, आणि आई म्हणाली, "तर मुलांनो, या गोष्टीवरून आपण काय शिकलो?"

मी टॅब टेबलावर पालथा घातला.

"आवडलं?" तरुणाने विचारलं.

"ती आजारी नव्हती," मी म्हणाले. "ती मुद्दाम थांबायची. पुढे काय झालं ते कळेना म्हणून मुलांनी स्वतः पान उलटावं, एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप होता. तुम्ही तिचं काम पूर्ण केलेलं नाही, मोडलंय. दादा, तू यांना सांगितलं नाहीस?"

"मला कोणी विचारलं नाही," दादा म्हणाला.

"आणि 'मुलांनो' तिने कधी म्हटलं नाही. 'तू' म्हणायची. वाचणारा एकटाच असतो, त्याला घोळक्यात कशाला हाकारायचं, म्हणायची. 'धमाल' तर तिच्या तोंडी शोधूनही सापडणार नाही."

"शब्द बदलता येतील मॅम. सेटिंगमध्ये आहे ते."

"तिच्या तोंडात सेटिंग नव्हतं."

मुख्याध्यापिकांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. त्या वाईट बाई नव्हत्या. "हे बघा, मुलं वाचत नाहीत हो आता. समोर काहीतरी उडालं तर निदान पुस्तकापाशी येतात."

"उडवा की. जहाज उडवा, हत्ती उडवा, माझी काही हरकत नाही. आई उडवू नका."

तरुणाला हसू आलं. त्याने ते चहात लपवलं.

मग कामाची गोष्ट निघाली. आईचा चेहरा आणि आवाज वापरायला आम्हा दोघांच्या सह्या हव्या होत्या. मूळ आवाज आईच्या स्वतःच्या खात्यात होते, ते खातंही कंपनीला द्यायचं होतं, जुनं सगळं 'दुरुस्त' करायला. दादाची सही आधीच झाली होती.

"ठमे, कर ना गं सही," तो हळूच म्हणाला. "माझी पोर अजून आजीला फोन लावते. घंटा वाजत राहते आणि ती कानाला धरून बसते. तिला इथे आणून दाखवलं असतं."

हे मला ठाऊक नव्हतं.

"काय दाखवशील?" मी म्हणाले. "आजी तिला नावाने हाक मारणार नाही. 'मुलांनो' म्हणेल."

"तू दगड आहेस."

"असेन. पण आईने जन्मभर जे म्हटलं नाही ते मेल्यावर तिच्या तोंडी घालू देणार नाही. हा ध चा मा मी जिवंत असेपर्यंत होणार नाही."

मी फोन काढला. खात्याचा पासवर्ड आईने आमच्या दोघांच्या टोपणनावांचा केला होता, त्याचं आधी, माझं नंतर, मध्ये मोकळी जागासुद्धा नाही. मी तो पुसला आणि दुसरा घातला.

"मलाही सांगणार नाहीस?" दादाने विचारलं.

"सही मागे घे. सांगते."

तो उठला. दाराशी क्षणभर थांबला आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेला. येताना आम्ही एकाच गाडीतून आलो होतो.

मुख्याध्यापिकांनी सुस्कारा टाकला. "ताई, मग नाइलाज आहे. आई नसल्या तरी कंपनीचे कोड लागणारच, आणि करारात दोन प्रकारचे कोड चालत नाहीत. शिपायाला सांगून जुने काढून घेईन."

"शिपायाला कशाला? तुम्ही या. वर्ग भरलेला असताना या. ज्या पोराच्या हातात पुस्तक आहे त्याच्यासमोर पान ओलं करा आणि खरवडा. का काढताय म्हणून तो विचारील. त्याला उत्तर तुम्ही द्या. मी इथेच असेन, ऐकायला. उद्याही असेन."

"पण तुम्ही शाळेच्या कोण?"

"कोणीच नाही," मी म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला माझी बदली करता येत नाही."

तरुणाने टॅब पिशवीत ठेवला. घंटा झाली. पुढचा वर्ग दाराशी येऊन दबक्या आवाजात ढकलाढकली करत होता. मुख्याध्यापिका माझ्या उठण्याची वाट पाहत उभ्या राहिल्या. मी खुर्ची थोडी बाजूला सरकवली, पोरांना कपाटापर्यंत जायला वाट राहील इतकीच.